नवव्या घराचा ठोका

गोजाबाईने लोखंडी सळई कणग्यातल्या नागलीत पार तळापर्यंत खुपसली, वरचे दाणे हाताने सारखे केले आणि हात पदराला पुसले.

"आता वाजवा म्हणावं," ती पुटपुटली.

खोडाळ्याच्या वरच्या पाड्यावरच्या चर्चमध्ये आज शेवटची उपासना होती. भिंतीला तडा गेला होता, पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे आणि तेवीस घरांपैकी चौदा घरं भिवंडी-वसईकडे कामाला गेली ती तिकडचीच झाली होती. वरिष्ठांनी ठरवलं, हे चर्च बंद करायचं आणि उरलेल्या नऊ घरांना दर रविवारी जीपने जव्हारच्या चर्चला न्यायचं. लोकांची समजूत घालायला त्यांनी रोशनी नावाच्या कार्यकर्तीला पाठवलं होतं.

रोशनी तीन महिने दर आठवड्याला जव्हारहून येत होती. घरोघरी बसायची, चर्चच्या आठवणी विचारायची, जाड वहीत लिहून घ्यायची. म्हाताऱ्या तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायच्या. खरं सांगायचं तर तिच्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि गोजाबाईचा सगळा राग याच गोष्टीवर होता. उपासनेनंतर चर्चशेजारच्या नवशीच्या ओट्यावर चहाचा पहिला कप इतकी वर्षं गोजाबाईला मिळायचा. आता तो रोशनीच्या हातात जायचा, वर साखरही जास्त. वहीत कोणाच्या लग्नाची आठवण होती, कोणाच्या बाप्तिस्म्याची होती. गोजाबाईचं नाव कोणीच घेतलं नव्हतं. रोशनीने तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला काय बी आठवत नाय."

एकोणतीस वर्षं ती ठोके मारत होती. चर्चसमोरच्या मोहाच्या झाडाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, त्यावर, या सळईने. एका घराला एक ठोका. ठोका मारायचा, त्या घरातली माणसं दारात येईपर्यंत थांबायचं, मग पुढचा. प्रत्येकाला आपला आकडा पाठ होता. शेवटचा ठोका तिच्या स्वतःच्या घराचा. नवरा गेल्यावर त्या घरातून यायला दुसरं कोणी उरलं नव्हतं, तरी तो ठोका ती मारायचीच.

मागच्या रविवारी रोशनी गोड आवाजात म्हणाली होती, "मावशी, शेवटच्या दिवशी ठोके ढवळूबाबांना मारू द्यायचे का? रूळ त्यांनीच कसाऱ्याहून खांद्यावर आणलेला ना!"

"दे की. माझा काय जातो?" गोजाबाई म्हणाली होती. त्या रात्री तिला भाकर गेली नाही. रूळ एकदा आणला म्हणून बाबाचा मान, आणि पावसापाण्यात दर रविवारी उठून वाजवला त्याचं काहीच नाही!

आता ती कुडाच्या फटीतून बघत होती. नऊ वाजले. चर्चच्या पायरीवर रोशनी झेंडूच्या माळा घेऊन उभी होती. आत पाळकसाहेब एकटे बसले होते. साडेनऊ झाले, तरी एक माणूस आलं नाही. गोजाबाईला आतून गुदगुल्या झाल्या. रडायला बरे येत होते तिच्याजवळ, आता बघ!

थोड्या वेळाने रोशनीच तिच्या दारात आली. तिचा चेहरा उतरला होता.

"मावशी, सळई सापडत नाही. मी सगळ्यांकडे जाऊन आले. नवी लुगडी नेसून, केस विंचरून सगळे घरात बसलेत, पण निघत कोणी नाही. नवशीमावशी म्हणाल्या, आमचा ठोका पडू दे, मग येतो."

"बाबानं वाजवला नाय?"

"त्यांनी दगडाने वाजवून बघितलं. लोक म्हणाले, पोरं खेळतात वाटतं." ती उंबऱ्यावर टेकली. "माझं काय चुकलं, मावशी?"

याच प्रश्नासाठी गोजाबाई तीन महिने थांबली होती. आता तो आला, तर तिला त्याचं सुख वाटेना. आठ घरं अंगावर चांगले कपडे घालून बसली होती, तिच्या एका ठोक्यासाठी. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं आणि तिलाही कधी कळलं नव्हतं. ती उठली, कणग्यात कोपरापर्यंत हात घातला आणि सळई बाहेर काढली.

"मीच लपवली होती," ती म्हणाली. "तुला लिवायचं तर लिव वहीत."

रोशनी पुढे झाली. सळईला चिकटलेले नागलीचे दाणे तिने बोटाने झाडले.

मोहाखाली ढवळूबाबा दगड घेऊन बसला होता. गोजाबाईने सळई पुढे केली, तर तो उठून चालू लागला.

"तूच मार. माझा घर तिसरा हाय. मी घरी जाऊन बसतो."

तिने नऊ ठोके मारले. एकेक दार उघडलं. त्या दिवशी कोणाचे डोळे कोरडे राहिले नाहीत, आणि नवशीने चहाचा पहिला कप कोणाला द्यावा या घोटाळ्यात दोन्ही कप एकदमच पुढे केले.

पुढच्या रविवारी जव्हारची जीप आली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. पहिल्याच हॉर्नला आठही घरांची माणसं बाहेर पडली. नवशी तर जागा धरायला धावलीच. गोजाबाई धुतलेलं लुगडं नेसून ओट्यावर बसली होती. रोशनीवर जळली नव्हती इतकी ती त्या हॉर्नवर जळली.

"चला मावशी," रोशनीने हाक मारली.

"माझा ठोका नाय पडला."

ड्रायव्हरचा हात पुन्हा हॉर्नकडे गेला. रोशनीने तो धरला.

गोजाबाई मोहाखाली गेली आणि तिने एकच ठोका मारला. मग सवयीने आपल्या घराकडे बघत थांबली. दाराला तिनेच कडी लावली होती. त्या घरातलं यायचं माणूस तर इथंच, झाडाखाली उभं होतं. मग सळई झाडाच्या बेचक्यात ठेवून जीपकडे गेली.