गोमाजीच्या घड्याळातली एकतीस तारीख

मनुबाईंनी महिपत सुर्व्यांना चोर म्हटलं ते रविवारी सकाळी साडेनऊला, कल्याणातल्या सुर्व्यांच्याच सोसायटीच्या भर आवारात, अख्खी बिल्डिंग मटणाच्या पिशव्या घेऊन खाली उतरत असताना.

"ए महिपत! खाली ये! माज्या म्हाताऱ्याचं घड्याल खाल्लंस! मेल्या माणसाच्या मनगटावरचं खाल्लंस, पचंल का रं तुना?"

आवाज असा की दुसऱ्या मजल्यावरचा पोपट त्या दिवसापासून 'राम राम' विसरला तो विसरलाच. अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला 'खाल्लंस, खाल्लंस' म्हणतो.

महिपतराव डोळ्याला भिंग लावलेल्या अवस्थेत तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आले. कान तापले होते. "मनुबाई, वर या! चहा घ्या. घड्याळ तयार आहे, आत्ता देतो!"

"तीन महिने तयारच होतंय! आनि चहा नको तुजा. त्यात पन घड्यालं बुडवतोस!"

हे मात्र खरं होतं. महिपतराव बत्तीस वर्षं अंबरनाथच्या एका कारखान्यात मीटरचे काटे बसवत होते. निवृत्त झाल्यावर लोक गुडघे तपासतात, यांनी घड्याळं करायला घेतली. तीही जुनी. म्हणजे करायची आज आणि दिसायला हवीत साठ वर्षांपूर्वीची, परदेशी पाणबुडे वापरत तसली. सुटे भाग कुठून कुठून मागवायचे, जुन्या चालीचं चावीचं मशीन बसवायचं आणि मग त्याला म्हातारं करायचं. डायल चहाच्या पाण्यात, काटे मिठाच्या पाण्यात, आणि बायकोच्या, कलावतीबाईंच्या, ओव्हनमध्ये मंद आच. त्या घरातल्या नानकटाईला अकरा वर्षं व्हार्निशचा वास येतो. एकदा म्हणे चुकून डब्यातून डायलच गेली आणि धाकट्या जावयाने ती कुरकुरीत आहे म्हणून दुसरी मागितली.

एकही घड्याळ त्यांनी कधी विकलं नाही. प्रत्येकाच्या झाकणाच्या आतून 'नक्कल, म. सु., कल्याण' असं कोरायचे. फसवणूक आणि छंद यांच्यात तेवढीच एक रेघ आहे, असं ते सांगायचे. विचारलं नाही तरी सांगायचे.

पण एक गोष्ट त्यांना घरात जमत नव्हती. ओरखडा. टेबलावर बसून केलेला ओरखडा विचार करून केलेला दिसतो. त्यांना हवं होतं असं मनगट, जे घड्याळाचा विचारच करत नाही. ते त्यांना डोंबिवलीला, मोठागावच्या खाडीवर सापडलं. गोमाजी कोळी, मनुबाईंचा नवरा.

महिपतरावांनी दिलेलं घड्याळ गोमाजीने दोन वर्षं हातात घातलं. जाळं ओढलं, चिखलात हात घातला, चिंबोऱ्या म्हणजे खाडीतले खेकडे धरले. आणि बदल्यात त्या घड्याळाबद्दल इतकं खोटं बोलला की खाडीची भरती अर्धा तास उशिरा यायची. ओरखडा चिंबोरीचा, पण गोमाजी सांगायचा, देवमासा होता, चुकून खाडीत शिरला, मी कान धरून बाहेर काढला. देवमाशाला कान असतात का विचारलं तर म्हणायचा, "आता नाय. त्या दिवशीपर्यंत व्हते."

दोन वर्षांनी महिपतरावांनी घड्याळ बघितलं आणि त्यांना परत मागायची लाज वाटली. "गोमाजी, हे आता तुझंच."

"मंग येक काम कर," गोमाजी म्हणाला. "मी रोज खोटं बोल्तो. ह्या घड्यालानं तरी कवातरी कबूल करावं."

म्हणून महिपतरावांनी मशीन उघडून तारखेची चकती बाहेर काढली. एकतीस हा आकडा खरवडला आणि त्या जागी एका केसाच्या कुंचल्याने, मुंगीला वाचता येईल अशा अक्षरात लिहिलं : खोटं. वर्षातले सात दिवस घड्याळ खरं बोलायचं. हे माहीत होतं तिघांनाच. ते दोघे आणि मनुबाई.

मग तीन महिन्यांपूर्वी काचेत धुकं धरलं म्हणून गोमाजीने घड्याळ दुरुस्तीला दिलं, आणि आठव्या दिवशी होडीला डांबर लावता लावता बसल्या जागी गेला. घड्याळ महिपतरावांच्या टेबलावर राहिलं. नवी काच बसवायला दहा मिनिटं पुरली असती. पण नवी काच फार चकाकत होती. गोमाजीच्या घड्याळावर ती परक्या माणसासारखी दिसली असती. म्हणून महिपतरावांनी ती भांड्याच्या पावडरीने घासली, गच्चीवर उन्हात ठेवली, पुन्हा घासली. काच म्हातारी व्हायला तीन महिने लागले. गेल्या रविवारी ती बसली, आणि घड्याळ ड्रॉवरमध्ये गेलं.

तो ड्रॉवर त्यांनी आता उघडला. रिकामा.

"कलावती!"

"ओरडू नका, ती खाली पुरेशी ओरडतेय. गुरुवारी विनीत आलेला. तुम्ही भाजीला गेलेलात. पाणी प्यायला म्हणून आत गेला आणि जाताना माझ्या पाया पडला. मला तेव्हाच वाटलेलं, हा पाया कशाला पडतोय!"

विनीत म्हणजे बहिणीचा मुलगा, दिवा स्टेशनजवळ राहणारा. महिपतरावांच्या डोक्यात अशी काही तिडीक गेली की डोळ्यावरचं भिंग वाफेने भरलं. ते खाली उतरले आणि मनुबाईंना खरं काय ते सांगितलं.

"चोरीला गेलं? म्हंजे आता तू दुसरं करून आणशील. नकली! तुजा धंदाच तो. मना तेच पायजे."

"संध्याकाळपर्यंत तेच घेऊन येतो. नाही आलो तर माझं नाव बदला."

"नाव कशाला बदलू? पोलिसाला तेच सांगाचं हाय मना."

विनीत दिव्यात टँकरच्या रांगेत सापडला, दोन हंडे पायाशी आणि फोन कानाला. महिपतरावांनी फोन काढून घेतला आणि कॉलर धरली.

"मामा, हंडे! नंबर जाईल!"

"आज तुला कोरडाच ठेवतो. घड्याळ कुठाय?"

"मामा, ऐका तरी. तुमचं टॅलेंट ड्रॉवरमध्ये सडतंय. मी त्याला मार्केट दिलं. ठाण्याचे ऋतुराज सर आहेत, बडे कलेक्टर. म्हणाले, असा पीस इंडियात दुसरा नाही."

"विकलंस? ओरिजिनल म्हणून?"

"थोडी स्टोरी सांगितली."

"कुठली?"

विनीतने वाकून रिकाम्या हंड्यात बघितलं. कॉलर तशीच धरून महिपतरावांनी त्याला ठाण्याला नेलं.

घोडबंदर रोडवर, बाविसाव्या मजल्यावर, ऋतुराजच्या दिवाणखान्यात पाच घड्याळप्रेमी बसले होते. पाचांच्या हातात पांढरे हातमोजे. मधे मखमलीवर गोमाजीचं घड्याळ. गोमाजीने ते बघितलं असतं तर विचारलं असतं, कोण गेलं?

"आणि हा स्क्रॅच," ऋतुराज सांगत होता, "शार्कच्या दाताचा. नेव्हीत डायव्हर होते. विनीतचे आजोबा. कारवारच्या समुद्रात, सत्तर फूट खाली..."

"चिंबोरी आहे ती!" महिपतराव दारातूनच गरजले. "आणि याचे आजोबा म्हणजे माझे वडील. राजापूरला पोस्टात होते. त्यांना आंघोळीच्या पाण्याचीसुद्धा भीती वाटायची!"

पाची हातमोजे जागच्या जागी थांबले.

"काका, बसा. पाणी घ्या," ऋतुराज म्हणाला. त्या आवाजात एवढा समजूतदारपणा होता की महिपतरावांचा राग दुप्पट झाला. "एक्सपर्टने बघितलंय हे."

चष्मा लावलेल्या एका तरुणाने हात वर केला. अद्वय त्याचं नाव. "साठ वर्षांपूर्वीचंच आहे, काका. हा डायलचा कोको कलर, हे काट्यांचं ऑक्सिडेशन. असं घरी करता येत नाही. इम्पॉसिबल."

"चहा. मीठ. बायकोचा ओव्हन," महिपतराव म्हणाले. मग न राहवून हळूच विचारलं, "चांगलं आहे का?"

"सुपर्ब."

अकरा वर्षांत हा शब्द त्यांना कोणी दिला नव्हता. कलावतीबाईंनी तर नाहीच. महिपतरावांनी क्षणभर मखमलीकडे बघितलं. इथेच गप्प बसलो तर आपलं घड्याळ कायमचं खरं ठरतं, मखमलीवर राहतं. त्या एका क्षणात त्यांना ते हवंहवंसं वाटलं, आणि हे कळल्यावर ते स्वतःवरच असे भडकले की टेबलावरची काचेची बशी आपोआप सरकली.

"झाकण उघडा. आत माझं नाव आहे."

झाकण उघडलं. आत नाव नव्हतं. घासून गुळगुळीत केलेला चकचकीत गोल होता. विनीत छताकडे बघत होता. छत खरंच बघण्यासारखं होतं, पण एवढं नव्हे.

"काका, आता खूप झालं," ऋतुराज उठला आणि त्याने नोकराला हाक मारली. "रमेश, लिफ्ट बोलाव."

"थांबा! आज तारीख किती?"

"चौदा."

"मला एकतीस दाखवायचीय."

त्यांनी झाकण परत दाबून बसवलं, घड्याळ मुठीत घेतलं आणि किल्ली बाहेर ओढून फिरवायला लागले. जुन्या चालीचं मशीन. तारीख एकदम पुढे ढकलायची सोय नाही. एक दिवस म्हणजे मिनिटकाट्याच्या चोवीस फेऱ्या, सतरा दिवस म्हणजे चारशे आठ. महिपतराव फिरवत होते आणि बोलत होते. पंधरा, सोळा : शार्क म्हणे! एकोणीस : गोमाजी कोळ्याने हे घालून तुमच्या बापजन्मी पाहिला नसेल एवढा चिखल उपसलाय! बावीस : आणि तुम्ही त्याच्या जागी पाणबुड्या बसवता, कारण कोळ्याच्या मनगटाला तुमच्या मखमलीवर भाव नाही!

"मशीन जाईल, काका! दीड लाखाचं आहे ते!"

"माझंच आहे, जाऊ दे!"

सव्विसाव्याला अंगठ्याला फोड आला. अठ्ठाविसाव्याला तो फुटला. खाली पार्किंगमधला वॉचमन आजही शपथेवर सांगतो की त्या वेळी बिल्डिंगची लिफ्ट दर फेरीला अर्धा मजला खाली जात होती. तीसवर महिपतराव थांबले, किल्ली शर्टाला पुसली आणि शेवटच्या चोवीस फेऱ्या सावकाश मारल्या. तारखेच्या खिडकीतला आकडा वर सरकला. त्याच्या जागी काहीतरी बारीक काळं येऊन बसलं.

अद्वयने भिंग लावलं. बराच वेळ लावून ठेवलं.

"हे... मराठीत आहे."

"मग? परदेशी कंपनीने चकत्या छपाईला कल्याणला पाठवल्या होत्या का?"

"काय लिहिलंय?" ऋतुराजने विचारलं.

अद्वयने हातमोजे काढून ठेवले. "सर, 'खोटं' लिहिलंय."

ऋतुराजचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. त्याने घड्याळ उचलून महिपतरावांच्या अंगावर फेकलं. "घेऊन जा हा कचरा!"

महिपतरावांनी ते छातीवर झेललं. "कचरा? पंधरा मिनिटांपूर्वी सुपर्ब होतं. तेव्हा जे बघत होतात तेच आत्ता तुमच्यासमोर आहे. एक काटा बदललेला नाही." पुढे बरंच तोंडावर आलेलं, पण घड्याळात किती वाजलेत ते आता त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं आणि मोठागाव लांब होतं. त्यांनी विनीतला दंडाला धरून ऋतुराजपुढे उभं केलं. "हा मात्र ओरिजिनल आहे. याची नक्कल मी कधी केलेली नाही. ठेवून घ्या."

"मामा!" विनीत ओरडला. लिफ्टचं दार लागलं.

मोठागावला मनुबाई घराच्या ओट्यावर कोयत्यावर, म्हणजे पाय देऊन धरायच्या विळीवर, मासळी साफ करत होत्या. त्यांनी हात लुगड्याला पुसले, घड्याळ घेतलं आणि न बघता अंगठ्याने ओरखडा चाचपला. मग काच. मग खिडकी डोळ्यांजवळ नेली.

"एकतीस नाय आज."

"फिरवावी लागली. आणा इकडे, तारीख लावून देतो."

"नको हात लावू." त्यांनी घड्याळ मुठीत घट्ट धरलं. "एकतीसला म्हातारा हे सगल्या बंदरावर दाखवत फिराचा. बोलाचा, आज माजं काय पन ऐका, घड्यालानं आधीच सांगितलंय." त्यांनी घड्याळ कानाशी नेलं. "चावी पन नको देऊ. हितंच थांबू दे."

"आज रात्रीच बंद पडेल, मनुबाई."

"पडू दे. समदे बोलतान, गोमाजी गेला. घड्यालात काय लिवलंय बघ."

महिपतरावांनी बघितलं नाही. ते खाडीकडे तोंड करून उभे राहिले. दिवसभराचा राग आता कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.

"काच जुनी करत होतो," शेवटी ते म्हणाले. "नवी शोभली नसती. म्हणून उशीर झाला."

"काच जुनी करत होतास!" मनुबाईंचा आवाज पुन्हा सकाळच्या पट्टीला गेला. होडीवरचा बगळा उडाला. "तीन महिने? आनि मी तीन महिने रिकामा खिला बघत बसले भिंतीवरचा! चोर बोलले ते मागं घेत नाय मी. समजलास?"

"नका घेऊ."

"नायच घेत." त्यांनी कोयता पुन्हा पायाखाली धरला. "आनि तो भाचा कवा आणतोस?"

"ठाण्यातून सुटला की."

"आण. मी धार लावून ठेवते."