ड्रायव्हरचं टेबल

लोणावळा, कार्ला, भाजे सगळ्या दुनियेला दाखवून झाल्यावर राजेंद्रने घरच्यांना सिंगापूर दाखवायचं काढलं. आणि तिथवर जायचंच, तर शेजारचं क्वालालंपूर कशाला सोडा? दोन देश, पाच दिवस. टुरिस्ट गाडी चालवणाऱ्याला घाईचं काय कौतुक!

त्याच्या आईला, विठाबाईला, यातलं काहीच नको होतं. भाज्याच्या लेण्यांखाली काकड्या विकता विकता तिने प्रवासी पुष्कळ पाहिले होते, आणि तिचं त्यांच्याबद्दलचं मत काही बरं नव्हतं. पण नात चैताली हटून बसली, सून मानसीने पासपोर्टसाठी धरूनच नेलं, तेव्हा ती निघाली.

सिंगापुरात बॅगा राजेंद्रकडे, पाण्याच्या बाटल्या राजेंद्रकडे. जेवायची वेळ झाली की "तुम्ही बसा, मी आलोच," म्हणून तो जायचा, तो सगळ्यांचं उरकल्यावर उगवायचा. दगदग असेल, असं विठाबाईला वाटलं.

मग बसने पूल ओलांडून मंडळी मलेशियात आली. क्वालालंपूरला सेल्वम नावाचा तमिळ ड्रायव्हर गाडी घेऊन उभा होता. त्याने त्यांना डोंगरातली मोठी गुहा दाखवली. "दारातली लेणी टाकून हितं गुहा बघाया आलो," विठाबाई म्हणाली. पण बघितली तिने सगळी.

दुपारी हॉटेलात राजेंद्रने तिघींना मधल्या टेबलावर बसवलं, मेनू मानसीच्या हातात दिला, आणि सरळ मागच्या दाराजवळ सेल्वमसमोर जाऊन बसला.

"अहो, तिकडे काय? इकडे या ना," मानसी म्हणाली.

"जेवा तुमी. ड्रायव्हर हितंच बसत्यात," तो सवयीने बोलून गेला, आणि स्वतःच ओशाळून हसला.

हायवेवरच्या हॉटेलांत ड्रायव्हरची थाळी फुकट असते, आणि ती बाजूच्या खोलीत असते. पार्टी आत, ड्रायव्हर बाजूला. सांगावंही लागत नाही. मानसीने हे हळू आवाजात सांगितलं, तेव्हा ते विठाबाईला पहिल्यांदा कळलं. ती रोज विचारायची, "जेवलास का?" तो "व्हय" म्हणायचा. विषय तिथेच संपायचा.

विठाबाईने हातातला घास ताटात ठेवला. तिचे सासरे छप्पन सालाआधी हॉटेलाबाहेर उकिडवे बसून चहा प्यायचे, आणि त्यांच्यासाठी वेगळा ठेवलेला कप स्वतः विसळून ठेवायचे. धम्म घेतल्यावर ते मुद्दाम आत गेले आणि मधल्या टेबलावर बसले. ही गोष्ट त्यांनी घरात इतक्यांदा सांगितली की पोरं कंटाळून उठून जायची. राजेंद्रही त्यातलाच. सगळं पालथ्या घड्यावर पाणी! विठाबाईला राग आला, आणि रागाहून जास्त भीती वाटली. कुणी न हाकलताच घर पुन्हा बाहेर चाललं होतं.

ती उठून त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"ऊठ."

"आई, लोक बघत्यात."

"बघू देत. तुला कुनी बसवलं हितं?"

"कुनी न्हाई. सवय हाय."

"त्येच वंगाळ. तुज्या आज्ज्याला लोकांनी बाहीर बसवलं व्हतं. तू आपनहून बसलास."

राजेंद्र ताट घेऊन उठला.

"आन ह्या पावन्याला काय वाळीत टाकतूस? त्याला बी घे."

सेल्वमला शब्द कळला नसेल, पण म्हातारीच्या हाताचा इशारा कळला. वेटरने एक खुर्ची ओढली. चौघांच्या टेबलावर पाच जण बसले, कोपराला कोपर लागलं, चैतालीची लस्सी सांडली. राजेंद्र खाली मान घालून जेवला.

परतल्यावर पहिल्याच रविवारी तो महाबळेश्वरची पार्टी घेऊन गेला. घरी आला तेव्हा विठाबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"कुटं बसून जेवलास?"

"आत."

"पार्टीसंगं?"

"न्हाई. त्यांनी काय बोलावलं न्हाई." तो घटाघटा पाणी प्यायला. "एकलाच बसलो. पन मदल्या टेबलावर."

विठाबाईने रिकामा तांब्या हातात घेतला. मग तिने विचारलं, "काय खाल्लंस?"