उभ्या माणसाची तिपाई

मी एक जुनी, तीन पायांची, घडी होणारी तिपाई आहे. मित्रांनो, तुम्ही माणसं ओळखता ती चेहऱ्यावरून, मी ओळखते ती बसण्यावरून. कुणी धपकन बसतं, कुणी आधी हाताने चाचपून बघतं. काही जण तर बसल्यावरही अर्धा भार आपल्याच पायांवर ठेवतात, जसे काही माझ्यावर उपकार करताहेत. आजवर शेकडो माणसं मी पेलली. एक माणूस मात्र माझ्यावर कधी बसला नव्हता, आणि तोच माझा आताचा मालक होता. ही त्याचीच गोष्ट आहे.

माझा जन्म हैदराबादच्या अफझलगंजातला. साठ-बासष्ट वर्षांपूर्वी तिथल्या एका सुताराने शिसवीच्या तीन काठ्या घासून गुळगुळीत केल्या, मधोमध पितळी बोल्टाने जखडल्या आणि वर जाड चामड्याचा त्रिकोण बसवला. काठ्या फाकवल्या की मी बसायला तयार, मिटल्या की काखेत मावते. मला बनवून घेतलं हिम्मतरावांनी. ते परभणीकडच्या शेतकरी घरातले आणि हैदराबादला मोजणी खात्यात नोकरीला. मग काय, शिवारामागून शिवारं मी पालथी घातली. हिम्मतराव माझ्यावर बसून गुडघ्यावर नकाशा पसरायचे आणि भोवती बांधावरून भांडणारे दोन भाऊ उभे असायचे. साहेब माझ्यावरून उठले की भांडण मिटलं, असं लोक समजायचे. तेव्हा मला जरा गर्वच झाला होता, खोटं कशाला बोलू.

हिम्मतराव निवृत्त झाले आणि माझी रवानगी चिक्कडपल्लीच्या घरातल्या माळ्यावर झाली. वीस-बावीस वर्षं मी तिथे पडून होते. उशाला लोणच्याची रिकामी बरणी, पायथ्याशी बंद पडलेला मिक्सर. उंदराने माझ्या चामड्याचा एक कोपरा कुरतडला. तेव्हा कुणी विचारलं नाही, हे मी अजून विसरलेले नाही.

मला खाली काढलं ते हिम्मतरावांच्या मुलाने, दत्तात्रयरावांनी. ते हिमायतनगरच्या एका शाळेत चौतीस वर्षं इतिहास शिकवत होते. निवृत्तीनंतर घरात त्यांचा जीव रमेना. तेव्हा त्यांची मुलगी मेधा म्हणाली, "नाना, तुम्ही दिवसभर मला हैदराबाद सांगत बसता. त्यापेक्षा टूरिस्टांना सांगा ना." आणि तसंच झालं. दर रविवारी सकाळी एका कुटुंबाला नाना शहर दाखवू लागले. एका वेळी एकच कुटुंब आणि सगळं बोलणं मराठीतून. बुकिंग मेधा फोनवर घ्यायची.

नानांची एक पद्धत होती. ठिकाण आलं की ते मला उघडायचे, पाहुण्यांपैकी जो वयाने मोठा असेल त्याला बसवायचे आणि म्हणायचे, "पाच मिनिटं नुसतं बघा. मी मग बोलतो. उभ्या माणसाचं लक्ष पुढे कुठे जायचं याच्यावर असतं. बसलेला माणूस बघतो." पाहुण्यांना आधी गंमत वाटायची, मग ते खरोखरच बघायला लागायचे. कुणाला चारमिनारच्या सज्ज्यातली कबुतरं दिसायची, कुणाला दुकान उघडण्याआधी उंबऱ्यावर पाणी शिंपडणारा म्हातारा. तोवर नाना शेजारी ताठ उभे असायचे. पाहुणे चारमिनारच्या जिन्याने वर गेले आणि खाली आम्ही दोघंच उरलो, तरी ते मला काखेत धरून उभेच राहायचे. वर्गात मास्तर बसत नाही, एवढंच त्यांना ठाऊक. चौतीस वर्षांची खोड बाराएक वर्षांत थोडीच जाणार?

पण एक सांगायला हवं. दर दिवाळीला नाना मला अंगणात घ्यायचे, माझ्या चामड्याला तेल चोळायचे, बोल्ट काढून पुसायचे आणि पुन्हा पिळून घट्ट करायचे. उंदराने कुरतडलेला कोपरा त्यांनी मोच्याकडून शिवून आणला होता. घरातल्या कुणाला नसेल एवढी त्यांना माझी काळजी होती.

मागच्या पावसाळ्यानंतर त्यांचा डावा गुडघा कुरकुरू लागला. एका रविवारी ते घरी आले आणि दोन दिवस पलंगावरून उठले नाहीत. मेधा घाबरली. ती शेजारी बसून म्हणाली, "नाना, सीरियसली सांगते. उभं राहून जमतंय तोवर टूर करा. पण ज्या दिवशी मध्येच बसावं लागेल, त्या दिवशी मला खरं सांगायचं आणि टूर बंद. प्रॉमिस?"

"हौ, प्रॉमिस," नाना म्हणाले.

मी कोपऱ्यात मिटून उभी होते. नाना खोटं बोलत नाहीत हे मेधाला माहीत होतं आणि मलाही. त्या दिवसापासून मी मोठ्या पेचात पडले. त्यांच्या घामेजल्या हाताचा दाब माझ्यावर वाढत चालला होता. त्यांनी बसावं असं मला फार वाटायचं. पण ते बसले की त्यांचे रविवार संपणार होते आणि रविवार संपले की नानांचं काय उरणार, हे मला माळ्यावरच्या वीस वर्षांनी चांगलं शिकवलं होतं.

जानेवारीतल्या एका रविवारी सोलापूरहून पद्मावतीबाई आणि त्यांचा मुलगा मकरंद आले. बाई सत्तरीच्या, सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेल्या सिस्टर. मकरंदच्या गळ्यात कॅमेरा आणि हातात फोन. सकाळी साडेसहाला चारमिनारसमोर नानांनी मला उघडलं आणि म्हणाले, "बसा बाई. पाच मिनिटं नुसतं बघा."

"मला नको," बाई म्हणाल्या. "छत्तीस वर्षं वॉर्डात उभी राहिलेय मी. तुम्ही बसा की ओ सर."

"नक्को नक्को. आमच्याकडे मेहमान उभा आणि घरचा बसलेला, असं चालत नाही."

"मग राहू दे की मोकळी."

असा अपमान माझा कुणी केला नव्हता. दोघंही ताठ उभे आणि मधे मी रिकामी. शेवटी मकरंदने माझ्यावर कॅमेऱ्याची पिशवी ठेवली. ज्या पाठीवर गावांच्या सीमा ठरल्या, त्या पाठीवर पिशवी! पण बाईंची नजर चारमिनारवर नव्हतीच. ती नानांच्या पायांवर होती.

तिथून आम्ही पत्थरगट्टीच्या दगडी कमानींखालून निघालो. ओळखीच्या चहावाल्याने तीन कप पुढे केले आणि नेहमीप्रमाणे नानांची थट्टा केली. "मास्टरसाब, बारा साल से देखरा मैं. तिपाई बगल में दबाके फिरते, बैठते नै. अंडे देती क्या ये?"

मकरंद मोठ्याने हसला. नानाही हसले. बाई हसल्या नाहीत. त्या चहा पिता पिता हळूच म्हणाल्या, "सर, डाव्या पायावर भार देत नाही तुम्ही."

"चप्पल जरा चावते."

"चप्पल चावली की माणूस बोटं उचलतो. तुम्ही गुडघा वाचवताय."

नानांनी मला काखेत अजून घट्ट दाबलं आणि चालू लागले. नयापुलावर मुसी नदी दाखवताना त्यांनी एका हाताने कठडा धरला. दुसऱ्या हाताने मला असं आवळलं होतं की माझं चामडं दुमडलं. नदीविषयी बोलताना त्यांचा आवाज मात्र एकदाही हलला नाही.

पूल ओलांडला की अफझलगंज. आमच्या फेरीचं शेवटचं ठिकाण तिथे आहे. मोठ्या इस्पितळाच्या आवारात एक जुनं चिंचेचं झाड उभं आहे. एकोणीसशे आठ साली मुसीला महापूर आला, हजारो माणसं वाहून गेली, तेव्हा या झाडावर चढलेली दीडशे माणसं वाचली असं सांगतात. या झाडाची गोष्ट नाना फार रंगवून सांगत. मला थोडा हेवाच वाटायचा त्या झाडाचा. मी एका वेळी एकच माणूस पेलते, आणि माझाच माणूस तेवढा पेलायचा राहिलेला.

नानांनी मला झाडासमोर उघडलं. बाई अर्थातच बसल्या नाहीत. नाना सांगू लागले, "पाणी चढत होतं. पहिल्या फांदीवर बाया आणि पोरं. दुसऱ्या फांदीवर..." दर वेळी इथे त्यांचा हात वर जातो. या वेळीही गेला, आणि तेवढ्यात डावा गुडघा वाकला. ते पडले नाहीत. त्यांनी माझ्या कडेवर हात टेकवला आणि तसेच ओणवे राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"बसा," बाई म्हणाल्या. हा आवाज पाहुण्याचा नव्हता, वॉर्डातला होता.

"नाही बाई. एकदा बसलो की संपलं." आणि मग नानांनी त्यांना मेधाला दिलेला शब्द सांगितला. अनोळखी माणसाला सांगणं कधीकधी सोपं जातं. "सहा दिवस मी या रविवारसाठी काढतो," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

बाई म्हणाल्या, "दुखणं लपवणारे पेशंट मी खूप बघितले सर. उशिरा सांगतात आणि मग आमच्या हातात काही उरत नाही. तुमच्या लेकीला आज खरं काय ते सांगा. पुढचं पुढे. आणि काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, ते असं जगून दाखवायची काही गरज नाही." एवढं बोलून त्यांनी नानांचे दोन्ही खांदे धरले आणि त्यांना अलगद खाली बसवलं.

मित्रांनो, मी घाबरले होते. साठ वर्षांचे माझे सांधे, शिवलेलं चामडं. नेमकी आत्ताच मी दगा दिला तर? माझा बोल्ट करकरला, पण हलला नाही. ज्या बोल्टाला ते दर दिवाळीला तेल देत होते, तोच तो बोल्ट. आधी त्यांचा अर्धाच भार आला. मग हळूहळू त्यांनी पाय सैल सोडले आणि सगळे नाना माझ्यावर आले. एवढी वर्षं माझ्याशेजारी डोंगरासारखा उभा राहिलेला माणूस किती हलका होता, म्हणून सांगू. मला रडता येत असतं तर मी रडले असते.

"हं, दुसऱ्या फांदीवर कोण होतं?" बाईंनी विचारलं.

नानांनी मान वर केली आणि ते बोलायचेच थांबले. ते झाडाकडे बघत होते. एक मिनिट गेलं, दोन गेली. मकरंदने फोन खिशात ठेवला. शेवटी नाना हळूच म्हणाले, "इथून ते केवढं मोठं दिसतं. बारा वर्षं मी सगळ्यांना सांगतोय, बसून बघा. मी कधी बघितलंच नाही." मग त्यांनी बसल्या बसल्या उरलेली गोष्ट सांगितली. आवाज लहान होता, पण आवारातून जाणारे दोन-चार लोकही थांबून ऐकू लागले.

घरी आल्यावर नानांनी चप्पल काढायच्या आधीच सांगून टाकलं. "मेधा, आज बसलो."

मेधाच्या हातात पुढच्या महिन्याची बुकिंगची वही होती. तिने ती मिटली आणि विचारलं, "म्हणजे टूर अर्धीच राहिली?"

"नाही. पूर्ण केली. बसून."

"आणि पाहुणे?"

"ते उभे होते."

मेधाने पुन्हा वही उघडली. पुढच्या रविवारी कुणाचं तरी नाव होतं. तिने त्यांना फोन करून पुढची तारीख दिली आणि त्या जागी स्वतःचं नाव लिहिलं. "बारा वर्षं मी तुमच्या टूर विकतेय नाना," ती म्हणाली, "मी स्वतः एकही केली नाही. आधी मला बघू दे. मग ठरवू."

त्या आठवड्यात ती नानांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. गुडघ्याला पट्टा आला. रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही चारमिनारसमोर उभे होतो. नाना मला उघडायला वाकले, तेव्हा मेधाने मला त्यांच्या हातातून काढून घेतलं. पहिल्यांदाच उघडत होती, त्यामुळे तिने माझा एक पाय उलटा फाकवला आणि मी जवळजवळ आडवी झाले. पण जमलं तिला. तिने माझ्या चामड्यावरून हात फिरवला, बोल्ट दाबून बघितला आणि म्हणाली, "बसा."

नाना बसले. या वेळी एकदम, पूर्ण भार टाकून. मग शेजारी उभ्या असलेल्या आपल्या लेकीला म्हणाले, "पाच मिनिटं नुसतं बघ. मी मग बोलतो."

तिने पाच मिनिटं चारमिनारकडे बघितलंच नाही. ती नानांकडे बघत होती. त्यानंतर टूर बंद करायचा विषय घरात कुणी काढला नाही. आता मी दर रविवारी काखेतून नाही, मेधाच्या खांद्यावरून जाते आणि प्रत्येक ठिकाणी नाना बसून सांगतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना तेल द्या, त्यांचे सांधे घट्ट करा. वेळ आली की आम्ही दगा देत नाही. पण माझं खरं मागणं वेगळंच आहे. तुमच्या घरातही कुणीतरी असेल, जो सगळ्यांना बसा म्हणतो आणि स्वतः उभा असतो. त्याला विचारत बसू नका. तो नाहीच म्हणणार. त्याचे खांदे धरा आणि त्याला बसवा.