वानयीचं जुनं कार्ड

आमच्या ह्वाछ्यांगबेईच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात कुणी नवं ग्राफिक्स कार्ड हातात दिलं की आधी त्याचा वास घ्यायचा. डिजिटल नाणी खणायच्या गोदामांत रात्रंदिवस राबलेली कार्डं लोक धुतात, पुसतात, कोऱ्या खोक्यात घालतात आणि नवी म्हणून विकतात. धुतलेल्या कार्डाला औषधाचा वास राहतोच. जेनबांगनं आणलेल्या कार्डाला कसलाच वास नव्हता, आणि मला तेच खटकलं.

जेनबांग म्हणजे माझ्या मुलीनं, वानयीनं, पसंत केलेला मुलगा. तिसऱ्या मजल्यावर त्याचा मेमरी विकायचा गाळा आहे. येत्या रविवारी त्याचे आईवडील संत्र्यांची जोडी घेऊन माझ्याकडे बोलणी करायला येणार होते. आम्हा छाओशानच्या माणसांत त्यांची दोन संत्री घ्यायची, आपली दोन द्यायची, मग सोयरिकीचं बोलायचं. मी संत्री आणून ठेवली होती. पण द्यायचीच असं मनाशी ठरवलं नव्हतं.

“कुठून घेतलंस?” मी विचारलं.

“ओळखीच्याकडून, मावशी.”

“ओळखीच्याला नाव असेल ना काही?”

“आहे. पण त्यानं सांगू नको म्हटलंय. मला भाव कमी लावला ना, बाकीची गिऱ्हाइकं त्याला खातील.”

“असं होय! बिच्चारा.” मी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. खोक्याचं सील जरा जास्तच सरळ चिकटवलेलं होतं. पोराच्या कपाळावर घाम होता. एसी चालू असताना माणसाला घाम का यावा?

वानयी कार्टूनपटांच्या स्टुडिओत काम करते आणि घरीही कॉम्प्युटरवर चित्रं हलवत बसते. तिच्या मशीनमधल्या जुन्या कार्डाचा पंखा घरघरायला लागला होता, म्हणून हा पठ्ठ्या दोन पिढ्या नवं कार्ड घेऊन आला आणि मशीनही माझ्या गाळ्यावर उचलून आणलं. वानयी कामावरून परस्पर इथेच येणार होती. तिला चकित करायचं होतं म्हणे.

जुनं कार्ड माझ्या नवऱ्यानं, तंगनं, बसवलेलं. तंग तीन वर्षांपूर्वी गेला. हा गाळा आम्हा दोघांचा होता. तो कार्डं दुरुस्त करायचा आणि मी गिऱ्हाइकांवर नजर ठेवायचे, थोडी त्याच्यावरही. वानयी शिकायला लागली तेव्हा तिला त्या वर्षीचं सगळ्यात मोठं कार्ड हवं होतं. मी म्हटलं, अंथरूण पाहून पाय पसरावेत. तंगनं मधल्या दर्जाचं साधं कार्ड आणलं आणि पोरगी कुरकुर न करता त्यावर शिकली. त्याच हिवाळ्यात तो शेजारच्या गाळ्यावरच्या सियावकडे माजाँगच्या डावात बरेच पैसे घालवून बसला. पैसे कुठे गेले म्हणून मी धारेवर धरलं तेव्हा मान खाली घालून त्यानं स्वतःच कबूल केलं. मी ते त्याला शेवटपर्यंत विसरू दिलं नाही. आजारपणात औषधाचा चमचा पुढे करताना म्हणायचे, “घे, माजाँगवाल्या.” तो हसायचा.

तर एवढं पाहिल्यावर पोरगी देताना मी डोळे मिटून कशी देणार? कार्डात जो फसवतो तो संसारातही फसवतो, असं माझं मत आहे.

“बसवू का मग?” जेनबांगनं विचारलं.

“थांब. आधी दोन्ही भाजू.”

भाजणं म्हणजे कार्डाला जड चित्र काढायला लावायचं आणि ते तापून धापा टाकेपर्यंत सोडायचं नाही. शेवटी पडद्यावर एक आकडा येतो. खोट्या कार्डाची लंगोटी तिथे सुटते. आधी जुनं भाजलं. मग त्याच मशीनमध्ये, त्याच तारांवर नवं भाजलं. आम्ही दोघं पडद्याकडे बघत उभे होतो. बाजूला कुणीतरी खोक्यांना टेप लावत होतं, त्याचा चर्र चर्र आवाज येत होता.

नव्याचा आकडा आला आणि मी हसले. जुन्याच्या पुढे होता, पण किती? तांदळाच्या दाण्याएवढा.

“दोन पिढ्या नवं ना रे?”

त्याचं तोंड उतरलं. “असं कसं होईल? मावशी, नाव बघा ना, आत बरोबर लिहिलंय.”

“नाव तर मीही लिहून देते. जुन्या चिपच्या पोटात नवं नाव भरायला कितीसा वेळ लागतो? तुझा तो बिननावाचा ओळखीचा नुसता हसत असेल आता. की तुला ठाऊक होतं?”

“मावशी, मी वानयीला खोटं कार्ड देईन?”

“गोड बोलणारी माणसंच देतात. घरी कळव, रविवारी यायची तसदी घेऊ नका म्हणावं.”

हे मी जरा मोठ्यानं बोलले असणार, कारण सियाव त्याच्या गाळ्यातून मान लांब करून बघायला लागला आणि नेमकी वानयी जिन्यावरून आली. तिनं त्याचा चेहरा पाहिला, मग माझा.

“आई, काय बोललीस तू त्याला?”

मी सांगितलं. आकडेही दाखवले. ती पिशवी काउंटरवर ठेवून त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली, आणि ते मला आवडलं नाही.

आमच्या मजल्यावर एक रीत आहे. कुणी कार्डाला खोटं म्हटलं तर ते चारचौघांत उघडायचं. उघडलं की कंपनीची हमी गेली. चोर त्या हमीचं निमित्त करून उघडत नाही, रागावून निघून जातो. मी जेनबांग निघून जायची वाट बघत होते. त्यानं माझ्याच ट्रेमधला स्क्रूड्रायव्हर उचलला आणि हमीचं कोरं स्टिकर भोसकून पहिला स्क्रू काढला.

“अरे, अरे!” सियाव ओरडला. “कोरं होतं ना ते!”

पंख्याचं कवच निघालं. जेनबांगनं चिपवरची उष्णता ओढणारी पेस्ट पुसली आणि कार्ड माझ्यापुढे धरलं. मी चष्मा लावून नंबर वाचला. पुन्हा वाचला. चिप खरी होती, त्याच नावाची, कुणीही हात न लावलेली.

“मग हे हळू का पळतंय?” मी विचारलं. हार मानायची माझी जीभ नाही.

जेनबांगनं दोन्ही आकडे पुन्हा ताडून पाहिले. “मावशी,” तो जपून म्हणाला, “नवं हळू नाहीये. असल्या कार्डाला एवढाच आकडा यायला हवा. जुनंच जास्त पळतंय.”

“ते मधल्या दर्जाचं आहे. मागे चिठ्ठी आहे, वाच.”

“त्या कंपनीनं मधल्याला आणि मोठ्याला एकच कवच दिलं होतं. चिठ्ठी बदलली तर बाहेरून कळत नाही.”

“तंगनं बसवलंय ते!” माझा आवाज चढला. “त्याला हात लावायचा नाही. आणि मोठ्या कार्डावर लहानाचं नाव कोण कशाला लिहील? उभ्या बाजारात आहे का असा एक तरी वेडा?”

खरंच, आमच्याकडे नाव वरच चढतं. हा गाळा लावल्यापासून नाव खाली उतरवलेलं कार्ड मी पाहिलं नव्हतं. म्हणून तर जुन्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

“आई, उघड,” वानयी म्हणाली. “त्यानं त्याचं उघडलं. आता आपलं उघड.”

मी जुनं कार्ड उजेडात धरलं. स्क्रूंच्या डोक्यांवर लाल ठिपके होते. तंग कुठलंही कार्ड उघडून बंद केलं की माझ्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, म्हणजे मागाहून कुणी उघडलं तर कळावं. पण हे तर त्यानं दुकानातून आणून तसंच बसवलं होतं, मला तसंच सांगितलं होतं. मग त्यानं ते का उघडलं? मेलेल्या माणसावरही मला संशय यायला लागला होता. बाईमाणूस होतं का कुणी, इथपर्यंत मन धावलं.

स्क्रू काढले. वाळलेली पेस्ट खरवडली. खाली चिप होती, चांगली पसरट. नंबर वाचायला मला चष्म्याची गरज पडली नाही, त्या वर्षी सगळा बाजार त्या नंबरामागे वेडा झाला होता. सगळ्यात मोठं कार्ड. वानयीला हवं होतं तेच.

वानयीनं तोंडावर हात ठेवला. “मला नाही सांगितलं गं बाबांनी. मी म्हणायचे, साधं कार्ड असून किती छान चालतं, तर म्हणायचे, तुझा हात चांगला आहे पोरी.”

मी सियावकडे वळले. “त्या हिवाळ्यात तंग तुझ्याकडे किती हरला होता रे?”

“काय हरला?”

“माजाँग.”

“तंग?” सियाव हसायलाच लागला. “अहो वहिनी, त्याला सोंगट्यासुद्धा ओळखू येत नव्हत्या. संध्याकाळी येऊन माझी बिघडलेली कार्डं दुरुस्त करायचा तो. शेवटी मोबदल्यात एक मोठं कार्ड मागितलं, उघडून तपासून नेलं, आणि वर बरेच पैसेही मोजले. तुम्हाला माहीत नव्हतं?”

मला माहीत नव्हतं. मी त्या माणसाला दोन-तीन वर्षं जुगारी म्हटलं आणि तो हसत राहिला. पोरीसाठी महागाचं कार्ड घेतलं हे मला सांगण्यापेक्षा जुगारी म्हणवून घेणं त्याला सोपं वाटलं. माझ्या घरात चांगली गोष्टसुद्धा खोटं नाव लावून आणावी लागत होती. मी काउंटरच्या कडेला धरून उभी राहिले आणि रडले, सगळ्यांसमोर. लाज वाटली नाही.

मग चहा केला. आमच्याकडे गाळ्यावर माणसं कितीही असोत, कप तीनच. पहिला कप मी दोन्ही हातांनी जेनबांगपुढे धरला. वडीलधारं माणूस लहानापुढे असा कप कधी धरतं हे त्याला ठाऊक होतं. तो ताडकन उठला.

“मावशी, नका ना.”

“घे मुकाट्यानं. चुकले मी. स्टिकर तू फोडलंस, पण हमी माझ्यामुळे गेली. ते कार्ड बिघडलं तर मी दुरुस्त करून देईन. आणि रविवारी आईवडिलांना लवकर आण, जेवायलाच या.”

त्यानं चहा घेतला. जीभ भाजली असणार, पण एका दमात संपवला.

“अजून एक ऐक,” मी म्हटलं. “माझ्या पोरीसाठी महागाचं काही आणलंस तर महागाचं म्हणूनच सांग. मी ओरडेन. पुष्कळ ओरडेन. पण तू सांग.”

“सांगेन, मावशी.”

वानयीनं जुन्या कार्डाला नवी पेस्ट लावली, पंखा साफ केला आणि तेच परत मशीनमध्ये घालायला घेतलं. नवं घरच्या दुसऱ्या मशीनला, म्हणाली. लग्नानंतर दोन लागतीलच. मी पर्समधून नेलपॉलिश काढली आणि स्क्रूंवर ठिपके दिले. एक जरा पसरला.

मशीन चालू झालं तसं पडद्यावर कार्डाचं ते मधल्या दर्जाचं, साधं नाव आलं. जेनबांगनं हळूच विचारलं, “मावशी, आतलं नाव नीट करून देऊ? खरं लिहितो, पाच मिनिटांचं काम आहे.”

“नको,” मी म्हटलं. “ते त्यानं ठेवलंय.”