होतांकाचा सत्कार

माझे भावोजी हेहाका लुता आमच्या लाकोटा टोळीचे लढाईतले पुढारी. पुढारी म्हणजे ज्याच्यामागे माणसं खुशीने जातात आणि ज्याचं ऐकायची सक्ती कुणावरच नसते. गोऱ्यांच्या सैन्यात हुकूम मोडणाऱ्याला म्हणे बांधून ठेवतात. आमच्याकडे त्याला जेवायला बोलावतात.

त्या हिवाळ्यात सैनिकांनी आमच्या शिकारीच्या मुलखात किल्ला बांधला. विचारण्याची तसदी कशाला घ्यायची! सरपणासाठी त्यांच्या गाड्या रोज डोंगराकडे निघत. भावोजींचा बेत साधा होता. तिघा-चौघांनी सैनिकांना चिडवून टेकडीपलीकडे आणायचं. बाकीच्यांनी घळीत घोड्यांची तोंडं दाबून गप्प बसायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. सर्वांत जोरात होतांकाने. होतांका म्हणजे मोठा आवाज. नाव ठेवणाऱ्याने काही लपवलं नव्हतं.

पुढचं मला माझ्या नवऱ्याने सांगितलं, तो घळीतच होता. सैनिक माथ्यावर पोचायच्या आतच होतांका आरोळी ठोकत सुटला. सैनिक शहाणे, गोळ्या झाडत मागे वळले. होतांकाचा घोडा पडला आणि आमचा वीर त्याच्याखाली अडकला. भावोजींनी जाऊन त्याला ओढून काढलं, आपल्या घोड्यावर घेतलं, आणि एक गोळी गुडघ्यात घेऊन परतले.

तळावर होतांका सांगत होता, "एकटा धावून गेलो! सगळे पळाले!"

ताई भावोजींचा गुडघा बांधत होती. मी म्हटलं, "भावोजी, तुम्हीही होतात म्हणे तिथे?"

"होतो ना. याचा घोडा मेला, मग मीच घोडा झालो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी म्हाताऱ्या दवंडीवाल्याकरवी सगळ्यांना जमवलं आणि आपला सर्वांत चपळ घोडा होतांकाच्या हाती दिला. म्हणाले, "आपण कुठे लपलोय हे त्या बिचाऱ्या सैनिकांना कळलंच नसतं. याने आपणहून सांगितलं. पाहुण्यांची एवढी काळजी कोण घेतो?"

बायका डोळे पुसेपर्यंत हसल्या.

ताई मात्र भडकली. "टोमणाच मारायचा होता तर ते लंगडं शिंगरू द्यायचं होतंत!"

"त्याला पळणारा घोडा लागणार आहे," भावोजी म्हणाले.

होतांका सकाळी खाली मान घालून आला. "दादा, घोडा परत घ्या."

"मानाची वस्तू परत घेतात होय? बस. तुझा आवाज किती लांब जातो?"

"दोन टेकड्या."

"मग तो किल्ल्यासमोर काढ."

दहा दिवसांनी होतांकाने किल्ल्यासमोर उभं राहून सैनिकांच्या आयांचा असा काही उद्धार केला, की भाषा न कळताही ते चवताळले. अधूनमधून तो खाली उतरून घोड्याचा खूर तपासायचा, जणू जनावर लंगडतंय. ते मागोमाग टेकडी उतरले. या वेळी घळीत कुणी शिंकलंही नाही. त्यांच्यातला एकही परत गेला नाही.

आमचे अकरा गेले. त्यातला एक माझा नवरा.

मी दुखवट्यात केस कापून बसले होते. भावोजी काठी टेकत आले, माझ्याशेजारी बसले. मेहुणीला चिडवायची एकही संधी न सोडणारा माणूस, माझ्या विस्तवात एकेक काटकी सरकवत राहिला. मीच म्हटलं, "बेत चांगला होता."

"हो," ते म्हणाले.

दुसऱ्या उन्हाळ्यात सैनिक किल्ला सोडून गेले आणि आमच्या पोरांनी तो पेटवला. मी आणि ताई राखेतून खिळे वेचत होतो. भावोजी घोड्यावरच बसून होते. गुडघा वाकत नव्हता.

"पुढच्या वर्षी दुसरीकडे बांधतील," ते म्हणाले.

"मग काय करणार?"

"तेव्हा माणसं नाही नेणार. तुला एकटीला त्यांच्यात राहायला पाठवीन. दोन दिवसांत गाशा गुंडाळतील."

नवरा गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले. मग एक खिळा त्यांच्या दिशेने भिरकावला.