भरल्या गाडीचं छत

दापोऱ्यात चुडामण पाटलांच्या अंगणाखाली खोली खणून झाली होती. कापलेली केळी गाडी येईपर्यंत थंड राहावीत, त्यांची बायको मालतीमामी आणि बाकीच्या बायकांना सावलीत बसून ती धुता-भरता यावीत, म्हणून ही खोली. तिचं छत म्हणजेच वरचं अंगण. गाडी लावायला दुसरी जागाच नव्हती. स्लॅबचा नकाशा पाटलांची इंजिनिअर भाची तेजस्विनी हिनं केला होता. बऱ्हाणपुरात नोकरीला लागल्यापासूनचं तिचं हे पहिलं स्वतंत्र काम.

स्लॅब ओतण्याआधी टेकू बघायला ती खाली उतरली. बल्ल्या इतक्या दाट की मधून जायला अंग तिरकं करावं लागे. डोक्यावर लोखंडी प्लेटा, त्यांच्यावर सळ्यांची जाळी. उजेड फक्त कोपऱ्यात जिन्यासाठी सोडलेल्या चौकोनातून येत होता. जिना अजून व्हायचा होता. तिथं शिडी टेकवली होती.

वरून ट्रकवाल्याचा आवाज आला. "काका, हे झालं की गाडी कुठं लावू?"

"अरे इथंच, बीचोबीच," मामा म्हणाले. "खालून माल वर, डायरेक्ट गाडीत. भरली की सरळ बाहेर."

तेजस्विनी जागीच थांबली. गाडीचं वजन तिनं मामांनाच विचारलं होतं. त्यांनी वजनकाट्यावरून आणलेला आकडा धरून तिनं हिशेब केला होता.

"मामा! ते वजन भरल्या गाडीचं ना?"

वर मिक्सर सुरू झाला. ती बल्ल्यांमधून अंग चोरत कोपऱ्यात पोचली, तोवर शिडी वर ओढली गेली होती. तिनं पुन्हा हाक मारली. तिची हाक तिलाच ऐकू आली नाही. प्लेटांच्या फटीतून सिमेंटचं पाणी तिच्या हातावर ठिबकलं. ओतणं सुरू झालं होतं.

पडलेली एक फळी उचलून ती डोक्यावरच्या प्लेटेवर ठोकत राहिली. मिक्सर थांबला. चौकोनातून लोटू मिस्त्रीचं डोकं डोकावलं.

"ताई, तुम्ही आत? मी समजलो चहाला गेल्या!"

"ओतू नका. मामांना बोलवा."

मामा वाकले. "काय करून राहिली बेटा तू तिथं? मसाला सुकून राहिला!"

"वजन कोणत्या गाडीचं सांगितलं होतं?"

"आपल्याच. रिकामीचं."

"भरलीचं का नाही?"

"भरून तर ती बाहेर जाते ना! अंगणात रिकामीच येते."

लोटू हसला.

"येते रिकामी," तेजस्विनी म्हणाली. "पण भरते कुठं, मामा?"

लोटूचं हसू थांबलं. मामा म्हणाले, "थोडं जास्त तर धरलं असशील तू?"

"थोडंच. भरली गाडी दुप्पट-तिप्पट होते, तेवढं नाही. मी विचारायला पाहिजे होतं, चुकलं. आता मध्ये भिंत घ्यावी लागेल, आणि भिंतीवरच्या स्लॅबमध्ये सळ्याही वाढवाव्या लागतील."

"म्हणजे खोलीचे दोन तुकडे? केळीची कॅरेट कशी फिरतील? लोटू, शिडी सोड. बेटा, तू वर ये, बसून बोलू."

"मी वर आले की तुम्ही मिक्सर चालू कराल. टेकू निघाल्यावर इथं मामी बसणार आहे. मी येत नाही."

"पूरी आईवर गेली," मामा पुटपुटले.

शिडी खाली आली. तिच्यावरून मामाच उतरू लागले. पहिल्याच दोन बल्ल्यांमध्ये त्यांचं पोट अडकलं. त्यांनी वर पाहिलं. एक थेंब कपाळावर पडला. तो त्यांनी पुसला नाही.

"भिंत कुठं म्हणते तू?"

तिनं विटेच्या तुकड्यानं जमिनीवर रेघ ओढली.

"शेठ," वरून लोटूनं विचारलं, "ओतलेला मसाला?"

"उचल. गेटाच्या खड्ड्यात टाक," मामा म्हणाले. "आणि शिडीला हात लावू नको."