ढोल थांबल्यावर

ऑगस्टच्या त्या सोमवारी बागेवर इंग्लंडला न शोभणारे ऊन पडले होते. आमच्या त्रिनिदादी लोकांच्या उत्सवासाठी पिसांचे मुकुट घातलेल्या मुली मक्याच्या सुपासाठी रांगेत उभ्या होत्या. गवतावर दोरीने आखलेल्या रिंगणाच्या कडेला मी ढोलाचे कातडे तळव्याने चोळून तापवत बसलो होतो, आणि बाबांच्या डाव्या डोळ्याकडे पाहत होतो. त्या डोळ्यात हिवाळ्यापासून मोतीबिंदू झाला होता. हे फक्त मला ठाऊक होते, आणि कुणाला सांगायचे नाही अशी मला ताकीद होती.

"बाबा, आज नको. डावीकडचं काही दिसत नाही तुम्हाला."

"दिसायला कशाला हवं? काठीचा वारा लागतो की गालाला."

"टायरेल तिशीतला आहे. मारून टाकेल तो तुम्हाला."

"मीच शिकवलाय त्याला. माझ्या हातचं जेवून मलाच ढेकर दाखवतोय. तू आपला ढोल बघ, रॉल."

आमच्या काठीखेळाच्या मंडळाच्या वसंतातल्या सभेत बाबांनी टायरेलला सगळ्यांदेखत नाच्या म्हटले होते. मंडळाच्या खेळात त्याने रंगीत बांबू आणले होते, दिवे आणले होते, आणि आधी ठरवून मारलेले वार. त्रिनिदादमध्ये बाबांच्या गावी पुई नावाच्या कठीण लाकडाच्या काठीने माणसांचे डोळे गेले होते. टायरेलचा हा दिखाऊ खेळ त्यांना सोसवला नाही. टायरेल एवढेच म्हणाला होता, "मग रिंगणात या. पुईची काठी, डोक्यावर मारायला मुभा." उत्सवाच्या पत्रकावर मात्र 'प्रात्यक्षिक' असे छापले होते.

टायरेल दोरीखालून आत आला. "काय म्हाताऱ्या, गुडघ्यांना तेल घातलंस का?"

बायका खिदळल्या. बाबांनी काठी मातीवर ठोकली. "तुझ्या आईनं मलम आणलंय का ते विचार आधी. रात्रभर चोळत बसावं लागेल तिला."

इव्हाडनी आत्याने, बाबांच्या थोरल्या बहिणीने, लढतीच्या पदाची पहिली ओळ उचलली. गर्दीने ती झेलली आणि माझे हात ढोलावर पडले.

पहिला वार बाबांचाच. तो टायरेलच्या कोपरावर बसला आणि ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. टायरेल हसला, पण त्याच्या ओठांचा रंग उतरला होता. मग तो शिकला. बाबा उजवीकडचा प्रत्येक वार अडवतात आणि डावीकडचा उशिरा, हे त्याने हेरले. का, ते त्याला कळले नसावे. पुढचे सगळे वार डावीकडून आले. बरगड्यांवर. मांडीवर. मुठीवर, जिथे दोन बोटे फुटून काठीला रक्ताने चिकटली. गर्दी ओरडत होती, "दे त्याला! अजून दे!" कोणाला दे, हे आता गर्दीलाही ठाऊक नव्हते. माझ्याच तालावर माझा बाप ठेचला जात होता. मी हळू वाजवले तर पाय हळू पडत, जलद वाजवले तर काठ्या जलद. त्या दोन देहांना माझ्या तळव्यांनी बांधून ठेवले होते.

बाबांचा गुडघा दुमडला. टायरेलची काठी डावीकडून पुन्हा उठली आणि बाबा भलतीकडेच पाहत होते.

मी हात उचलले.

आमच्या रिंगणात ढोल हाच पंच. तो थांबला की काठी खाली. वार अर्ध्यात असेल तर अर्ध्यातच थोपवायचा. बाबांच्या गावी हे पोरांना चालू लागण्याआधीच कळते. बाबांनी लगेच काठी खाली केली, मान सरळ केली आणि उघड्या कपाळाने ते उभे राहिले.

टायरेलचा वार थांबला नाही.

तो आवाज लाकडाचा नव्हता. बाबा बसल्यासारखे खाली गेले आणि मग आडवे झाले. मी दोरी तोडून आत गेलो, त्यांची काठी उचलली आणि टायरेलच्या खांद्यावर घातली, तोंडावर घातली. त्याचे दात माझ्या बुटाजवळ पडले. तो अडवत नव्हता, म्हणून मी अधिकच मारत होतो.

"ढोल थांबला होता!" मी किंचाळलो. "ऐकू आलं नाही तुला?"

"आलं ना!" तो रक्तातून बोलला. "मला वाटलं, तू चुकलास. ढोल थांबला की काय करायचं असतं, ते मला कुणी सांगितलं? चर्चच्या तळघरात कधी ढोल वाजवलात तुम्ही?"

माझा हात वरच राहिला. शेजाऱ्यांची तक्रार नको म्हणून बाबांनी तीन हिवाळे त्याला त्या तळघरात ढोलाशिवायच शिकवले होते. पुढे त्याच्या नाचाला ढोल होता. पण नाच ठरलेल्या जागी संपतो; ढोल मधेच थांबत नाही.

"रॉल!" आत्या ओरडली. ती बाबांजवळ गुडघे टेकून बसली होती. "त्याला नंतर मार, मेल्या! इकडे ये, डोकं धर ह्याचं!"

मी काठी टाकली. बाबांच्या कपाळाचे हाड तळव्याखाली हलत होते. दोन्ही हातांनी दाबूनही बोटांमधून रक्त येतच राहिले. मग पलीकडून टायरेल रांगत आला. एक हात लुळा लोंबत होता. दुसरा त्याने माझ्या हातांवर ठेवला आणि सगळा भार देऊन दाबला. मी त्याला ढकलले नाही.

गर्दीतून रुग्णवाहिकेला वाट मिळेना. बाबांची छाती एकदा उचलली गेली, नंतर उचलली गेली नाही. आत्याने त्यांचे डोळे मिटले. आम्ही दोघे मात्र दाबतच राहिलो. आधी हात कोणी काढायचा, हे आम्हाला कळत नव्हते.